लिंबाच्या लोणच्याची बाटली

पेस्ट कंट्रोलच्या धंद्यात किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. दुसऱ्याच्या घरात शिरून त्याच्या ओट्याखाली, सिंकमागे, फ्रिजच्या बुडाशी टॉर्च मारायची हेच काम असेल, तर माणूस रोज काहीतरी घेऊनच परततो. दुपारी चारला साकीनाक्याच्या आमच्या गाळ्यात ऑपरेटर फवारणीच्या टाक्या धुऊन ठेवतात, चहा येतो आणि सांगायला सुरुवात होते. ज्याच्याकडे सांगायला काही नाही तो त्या दिवशी कामावर गेलाच नव्हता, असं आम्ही धरून चालतो.

मी इथली टेक्निकल सुपरवायझर, प्रज्ञा कांबळे. झूलॉजीची बी.एस्सी. झाले आणि झुरळांत आले. आई घाटकोपरच्या शेजारणींना अजून ‘पोरगी लॅबमध्ये असते’ असंच सांगते. माझं काम म्हणजे थोडक्यात संशय घेणं. ऑपरेटरने औषध बरोबर मिसळलं का, गिऱ्हाईक सांगतंय ते खरं का, पावडर कपाटामागे गेली की नुसती पुढेच शिंपडली. स्वभावही तसाच आहे. भाजीवाल्याने मूठभर कोथिंबीर फुकट टाकली तर मी ती तिथेच उलगडून बघते.

पण एकटी मीच तशी नाही. गिऱ्हाइकाला वाटतं आम्ही नुसतं पाणी मारतो. मालकांना, म्हणजे साहेबांना, वाटतं ऑपरेटर परस्पर बाहेरची कामं घेतात. ऑपरेटरना वाटतं मी साहेबांचे कान भरते. आणि ज्यांच्यासाठी हा सगळा पसारा, ते उंदीर आणि झुरळं तर आमच्यापैकी कुणावरच विश्वास ठेवत नाहीत.

या सगळ्यातून एकच माणूस सुटला होता, परब काका. मालवणकडचे. वडील गिरणीत होते, आणि काका आमच्या कंपनीत कंपनी सुरू झाली त्या दिवसापासून. तेव्हा साहेब स्वतःच्या घरातून धंदा करायचे. साहेबांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, फोन घ्यायच्या आणि काका पाठीवर टाकी मारून निघायचे. साठीला आता दोनेक वर्षं कमी असतील. त्यांच्यावर संशय घेणं कुणाला सुचलं नव्हतं.

गेल्या वर्षी तेही झालं. पुढचे सगळे किस्से त्या एका महिन्यातले आहेत.

*

आमच्या गाळ्यात भिंतीवर एक पांढरा बोर्ड आहे. डाव्या बाजूला जागा, मध्ये औषध, उजव्या बाजूला ऑपरेटरचं नाव. तो बोर्ड साहेब स्वतः लिहितात, मार्करला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना चालत नाही.

त्या सकाळी त्यांनी मला बोर्डासमोर उभं केलं.

“वाच. अंधेरीचं हॉटेल कुणाकडे?”

“परब काका.”

“घाटकोपरचा फरसाणवाला?”

“परब काका.”

“मरोळचं कँटीन?”

तिथेही तेच नाव होतं.

“तिन्हीकडे झुरळं परत आलीत. बाकी कुणाच्या जागेवर नाही, फक्त परबच्या.”

“सर, त्या खूप जुन्या जागा आहेत. पहिल्यापासून तेच गोड जेल लावतोय आपण.”

जेल म्हणजे झुरळांचं विषारी खाणं. मलमासारख्या ट्यूबमध्ये येतं, बिजागरीपाशी, कोपऱ्यात तिळाएवढा थेंब ठेवायचा. गोड असतं म्हणून झुरळ खातं आणि आपल्या बिळात जाऊन मरतं.

“माझं घर काय नवं आहे?” साहेब म्हणाले. “तिथेही पहिल्यापासून हेच जेल. गेल्या वर्षी तूच लावून गेलीस ना? तेव्हापासून बायकोची एक तक्रार नाही. मग जेल खराब कसं?”

खरं सांगते, मला ते ऐकून बरं वाटलं. साहेबांचं किचन मी एकटीने केलं होतं आणि त्याचं मला कौतुक होतं. काकांची बाजू घ्यायची सोडून मी मान डोलावली.

मग गाळ्यात दुसरं कुणी नसतानाही साहेबांनी आवाज खाली आणला. “कांबळे, तो झुरळं सोडतो.”

आमच्या लाइनमध्ये याच्याइतका घाण आरोप नाही. एका किचनमधली झुरळं नेऊन दुसऱ्यात सोडायची, म्हणजे पुन्हा बोलावणं येतं, कामाला मरण नाही. एकदा माणसावर हा शिक्का बसला की साकीनाक्यापासून बोरिवलीपर्यंत त्याच्या पाठीवर कुणी टाकी देत नाही. काकांची सगळी हयात त्या टाकीखाली गेली होती, दुसरं त्यांना काही येत नव्हतं.

साहेबांनी बोटानेच बोर्डावरचं परबांचं नाव तिन्ही किचनसमोरून पुसलं. “आता त्याला उंदीर आणि झाडं दे. तू बरोबर जा. महिनाभर बघ आणि मला सांग. काही सापडलं तर मी त्याला घरी बसवतो.”

चार वाजता काका आले, बोर्ड वाचला आणि चहा घेऊन बाकावर बसले. 

*

पहिलंच काम अंधेरीला, एमआयडीसीतल्या एका ऑफिसच्या पँट्रीत. एक उंदीर होता. आमच्याआधी दोन कंपन्या पिंजरे लावून गेल्या होत्या, उंदीर त्यांना वळसा घालून रोज वेफर्स खात होता.

काकांनी जुना, कळकट पिंजरा नेला. दार तारेने उघडं बांधून टाकलं, आत वेफर्स ठेवले आणि निघाले. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच.

“काका, पकडायचा कधी?”

“आधी वळख होवंक व्हयी.”

चौथ्या दिवशी ऑफिसच्या अॅडमिन मॅनेजरने साहेबांना सीसीटीव्हीची क्लिप पाठवली. क्लिपमध्ये काका उकिडवे बसून पिंजऱ्यात वेफर्स कुस्करून नीट पसरत होते. मग त्यांनी कपाटाखाली वाकून काहीतरी म्हटलं. खाली मॅनेजरचा मेसेज होता, ‘तुमचा माणूस आमच्या उंदराला जेवू घालतोय.’

साहेबांनी मला ती क्लिप तीनदा दाखवली. “बघ. पाळतोय त्याला.”

मी समजावलं की उंदीर असाच असतो. वाटेत नवी वस्तू दिसली की आठवडाभर तिला लांबून जातो. नवं खाणं दिसलं तर कणभर चाखतो आणि पोटात दुखतंय का याची वाट बघतो. माणूस उंदराला मारायला लागल्यापासून जे बेसावध होते ते मरत गेले, त्यामुळे आज जे शिल्लक आहेत ते सगळे संशयी आईबापांची पोरं आहेत. त्यांना हे आम्हीच शिकवलंय.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. “ठीक आहे. पण तो वाकून बोलत काय होता?”

मी काकांना विचारलं.

“इचारलंय, तुका साधे बरे की मसाल्याचे?”

सहाव्या दिवशी काकांनी तार सोडली आणि त्याच सकाळी उंदीर आत. मॅनेजरने पिंजऱ्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, मोबाइलमधला जुना फोटो काढला, एकदा फोटोकडे आणि एकदा उंदराकडे बघितलं.

“हा तोच आहे कशावरून?”

*

मुलुंडच्या एका सोसायटीत मोठं उंबराचं झाड आहे आणि त्याच्या पारावर दत्ताचं छोटं देऊळ. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, उंबरात कीड झालीय. पिकलेलं फळ फोडलं की बारीक पंखवाले किडे बाहेर पडतात. “देवाचं झाड आहे, फांदीला धक्का नको. पण किडे मारा.”

मला हे असे प्रश्न फार आवडतात. कॉलेजमध्ये सहउत्क्रांतीवर याच झाडाचं उदाहरण लिहिलं होतं मी. उत्साहात सांगायला लागले. उंबराचं फूल बाहेर दिसत नाही, ती सगळी फुलं फळाच्या आत असतात. तिळापेक्षा लहान एक वरट असते, गांधीलमाशीच्या जातीतली. ती फळाच्या तोंडाशी असलेल्या भोकातून आत घुसते, घुसताना पंखसुद्धा तुटतात. आत ती पराग पोचवते, अंडी घालते आणि तिथेच मरते. तिची पिल्लं नवे पराग घेऊन दुसऱ्या उंबराकडे जातात. ही वरट दुसऱ्या कुठल्या झाडात वाढत नाही आणि तिच्याशिवाय उंबराला बी धरत नाही. लाखो वर्षं दोघं एकमेकांना घडवत आलेत, एक गेलं की दुसरंही गेलं.

सेक्रेटरींनी चष्मा पुसला. “म्हणजे तुम्हाला काम करायचं नाहीये.”

“अहो, तसं नाही...”

“पाच मिनिटं बोलताय तुम्ही, पण टाकी अजून उघडलेलीही नाही यांनी. ठरवूनच आलात.”

तेव्हा काका पुढे झाले. चपला काढल्या, पाराला हात लावून नमस्कार केला. “साहेब, ही म्हाराजांनी ठेवलेली माणसां. त्यांका हाकलूचा तर आधी म्हाराजांका इचारा.”

सेक्रेटरींनी झाडाकडे बघितलं, मग देवळाकडे. “राहू द्या,” ते म्हणाले. वर आम्हाला प्रसादाचे पेढे मिळाले.

रिक्षात मी चिडले होते. “मी शास्त्र सांगितलं ते खोटं, आणि तुम्ही थाप मारलीत ती खरी?”

“तू खरा सांगलंस गो. पण खरा सांगतानासुद्धा तुझो चेहरो चौकशी केल्यासारखो दिसता.”

संध्याकाळी साहेबांनी विचारलं, मुलुंडला काय झालं. मी सांगितलं, औषध न मारता परतलो. त्यांनी वहीत लिहून घेतलं, ‘परब, काम टाळलं.’ मी ते दुरुस्त करायला हवं होतं. पण पेढ्याचं सांगावं लागलं असतं आणि मला कंटाळा आला.

*

गाळ्याच्या खिडकीबाहेर गुलमोहर आहे. त्यावर त्या दिवसांत कावळ्याचं घरटं होतं आणि घरट्यात पिल्लू कोकिळेचं. कावळीण दिवसभर ये-जा करून त्याला भरवत होती.

साहेब चहा घेऊन खिडकीत उभे राहायचे. बाहेर नळावर परब काका टाकी धूत असायचे. “कांबळे, बघ. एवढा हुशार पक्षी, पण आपण कुणाला पोसतोय ते कळत नाही त्याला. वर्षानुवर्षं पोसतोय.” हे बोलताना ते झाडाकडे बघत नसत.

मी सांगायचा प्रयत्न केला की यात कावळा मूर्ख वगैरे नाही. कोकिळेचं अंडं कावळ्याच्या अंड्यासारखं दिसत गेलं, कारण वेगळी दिसलेली अंडी कावळे फेकून द्यायला शिकले होते. एक फसवायला शिकतो, दुसरा ओळखायला शिकतो, आणि दोघंही दर पिढीला जास्त वस्ताद होतात. यंदा कोकिळा जिंकलीय, एवढंच.

साहेबांना माझं शास्त्र संपायची घाई असते. त्यांनी येताना आणलेली कापडी पिशवी माझ्या टेबलावर टेकवली. “हे परबला दे. लोणचं आहे. माझी बायको अजून त्या माणसाला लोणचं पाठवते. घरात कुणाला काही सांगायची सोय नाही.”

मी पिशवी काकांच्या खुंटीला अडकवली. काकांनी ती फार जपून उतरवली, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं होतं. लोणचं आवडत असेल, असं मला वाटलं.

त्याच दुपारी साहेब गाडीकडे जायला निघाले आणि कावळीण सुसाट खाली आली. डोक्यावर एक टोच मारून परत फांदीवर बसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झालं. आठवडाभर साहेब फाइल डोक्यावर धरून गाडीपर्यंत पळत होते.

रोज खिडकीत उभं राहून घरट्याच्या दिशेने बघणारा माणूस तिने हेरून ठेवला होता. परक्याचं पिल्लू पोसताना तिला काही खटकलं नाही. संशय आला तो साहेबांचा.

*

घाटकोपरला एका बाईंची गच्चीवर बाग होती. जास्वंदीवर मावा पडला होता. कोवळ्या शेंड्यांना चिकटून रस पिणारे ते हिरवे बारीक किडे, तोच मावा. बाईंनी आम्हाला बोलावलं खरं, पण स्वतः महिनाभर लढत होत्या.

“मी सोडलं नाही त्यांना,” त्या म्हणाल्या आणि आतून काड्यापेटी घेऊन आल्या. उघडली तर आत लाल पाठीचे, काळ्या ठिपक्यांचे भुंगेरे. सगळे मेलेले. “रोज सकाळी चिमट्याने वेचते. झाडाला लागलेले सगळे हेच, रंगावरूनच कळतं.”

मी कपाळाला हात लावला. हे ठिपक्यांचे भुंगेरे म्हणजे माव्याचे कर्दनकाळ. दिवसाला कित्येक खातात. बाईंनी चोर सोडून पोलीस मारले होते.

“आणि या मुंग्यांना तुम्ही काही केलं नाहीत?”

“मुंग्यांनी काय केलंय? बिचाऱ्या ये-जा करतात नुसत्या.”

मुंग्या माव्याची राखण करत होत्या. मावा रस पितो आणि मागून गोड पाणी सोडतो, मुंग्या ते पितात. त्या बदल्यात भुंगेरा आला की त्याला चावून हाकलतात. गवळ्याने म्हशी पाळाव्यात तसा मावा पाळतात त्या. ज्याच्यावर कुणाचाच संशय नव्हता तोच या सगळ्याचा राखणदार निघाला.

बाईंचा चेहरा उतरला. “मी रोज वेचत होते हो. सकाळची पूजा सोडून.”

काकांनी काड्यापेटी हातात घेतली, जास्वंदीच्या कुंडीत रिकामी केली आणि वर थोडी माती ओढली. “आपली माणसां होती गो ही,” ते मला म्हणाले.

माझ्या पर्समध्ये तेव्हा साहेबांना द्यायचा कागद होता. काका किती वाजता कुठे गेले, जेवायला कुठे थांबले, कुणाशी बोलले. तो कागद दिवसभर मला टोचत राहिला. पण संध्याकाळी मी तो दिलाच.

*

महिना संपायला तीन दिवस होते. काकांची पिशवी बाकावर होती आणि काका नळावर. मी शेजारी बसून रिपोर्ट लिहीत होते. पिशवीतून खसखस आवाज आला.

हा आवाज आमच्या धंद्यात कुणाला शिकवावा लागत नाही.

मी पिशवी उघडली. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या तीन काचेच्या बाटल्या. एकीचा कागद थोडा बाजूला केला. तोंडाला मलमलीचं फडकं आणि रबर बँड, आणि आत ती किचनमधली बारीक तपकिरी झुरळं. जिवंत. दहा-बारा तरी असतील.

मी पिशवी होती तशी ठेवली.  महिनाभर या माणसाबरोबर रिक्षात बसले, त्यांच्या डब्यातले सुके बोंबील खाल्ले, आणि साहेब म्हणत होते ते खरं होतं.

सरळ काकांना विचारायला हवं होतं. नळ दहा पावलांवर होता. मी दहा पावलं उलटीकडे गेले आणि साहेबांच्या केबिनचं दार वाजवलं.

यात मला काही सारवासारव करायची नाही. मी सांगितलं. महिनाभर मला जे सापडायला हवं होतं ते सापडलं होतं, आणि कुठेतरी मला त्याचा आनंदही झाला होता. तो आनंद आजही आठवतो आणि लाज वाटते.

*

साहेबांनी सगळ्यांसमोर पिशवी टेबलावर ठेवली. “परब, हे काय आहे?”

“झुरळां.”

“ते दिसतंय. पिशवीत का आहेत?”

काकांनी ओले हात पँटला पुसले. खुर्ची कुणी दिली नव्हती, ते उभेच होते. “साहेब, ह्येंका गोड नको झाला.”

“कुणाला?”

“झुरळांक. जेल खायनत. तोंड लावतत आणि मागे सरतत. मी चार महिने बघतंय.”

कुणीतरी हसलं. साहेब नाही हसले. “झुरळाला गोड नको? काय वाटेल ते सांगतोस? काय, मधुमेह झालाय त्याला?”

“तुमीच लावून बघा.”

साहेबांचा कशावरच विश्वास नव्हता, म्हणून त्यांनी सगळं स्वतः केलं. गोडाउनमधून सीलबंद ट्यूब मागवली, सील स्वतः तोडलं. काकांनी तिन्ही बाटल्यांचे कागद वरून थोडे सोडले. साहेबांनी फडकं उचलून प्रत्येक बाटलीत जेलचा एक थेंब टाकला, आणि काकांच्या डब्यातला सुका जवळा चिमूटभर. झुरळांना अंधार लागतो म्हणून बाटल्या लोखंडी कपाटात ठेवल्या. कपाटाला कुलूप लावलं, किल्ली शर्टाच्या खिशात टाकली आणि मला कपाटासमोर स्टुलावर बसवलं.

“तासभर कुणी हलायचं नाही.”

काका तेवढा वेळ दाराशी उभे राहिले. त्यांनी माझ्याकडे एकदाच बघितलं. रागाने बघितलं असतं तर सोपं गेलं असतं.

तासाने साहेबांनी कपाट उघडलं. पहिल्या बाटलीतला जेलचा थेंब चाटूनपुसून साफ झाला होता.

“खाल्लं की! सगळं खाल्लं!”

“ही मुलुंडच्या नव्या टॉवरातली,” काका म्हणाले. “थंय आजपर्यंत कोणी जेल लावलेला नाय. ही दुसरी बघा. ही अंधेरीच्या हॉटेलातली.”

दुसऱ्या बाटलीत जेलचा थेंब जसाच्या तसा चकाकत होता. जवळ्याचा कणही उरला नव्हता.

मी स्टुलावरून उठले. नवीन जागेची झुरळं आणि जुन्या जागेची झुरळं, तेच जेल, तोच अंधार, तोच वेळ. कॉलेजमध्ये या मांडणीवर आमचे अख्खे तास गेले होते, आणि इथे सातवी शिकलेल्या माणसाने ती बाटल्यांत करून दाखवली होती.

“इतकी वर्सां आपण गोड दिला,” काका म्हणाले. “ज्यांका गोड आवडला ती मेली. ज्यांका कडू लागला ती रवली. ही त्यांची पोरां. मी सोडूक नाय साहेब ही. आपण सगळ्यांनी मिळान तयार केलव.”

उंदराबद्दल हेच मी साहेबांना महिन्यापूर्वी शिकवलं होतं. झुरळाबद्दल मला सुचलं नव्हतं. तेव्हा मी परब काकांवर लक्ष ठेवत होते.

पण साहेब इतक्या सहज मानणारे नव्हते. “हॉटेलातली तुझ्या ताब्यातली. तूच पकडलीस, तूच काय काय शिकवलंस कुणास ठाऊक. माझ्या घरी का नाही झालं हे? तिथेही तितकीच वर्षं तेच जेल आहे.”

 तिसऱ्या बाटलीकडे काकांनी हात केला आणि पुन्हा मागे घेतला. त्यांना ती दाखवायची नव्हती, हे आता मला दिसत होतं.

साहेबांनी ती उचलली. आत जेलचा थेंब तसाच होता, जवळा संपला होता. “आणि ही कुठली?”

काका बाटली परत घ्यायला पुढे झाले.

साहेबांनी वर्तमानपत्र ओढून काढलं. बाटलीवर पांढरी चिठ्ठी चिकटवलेली होती, त्यावर निळ्या पेनाने वळणदार अक्षरात लिहिलं होतं, ‘लिंबू. गोड. उपासाचं.’

ते अक्षर आम्ही सगळे ओळखतो. दिवाळीच्या फराळाच्या डब्यांवर दरवर्षी तेच असतं.

साहेब बराच वेळ चिठ्ठी वाचत राहिले. तीन शब्दांना इतका वेळ लागत नाही. “ही तर मी आणली,” ते शेवटी म्हणाले. “मी स्वतः. गाडीतून.”

शेजारच्या वर्कशॉपमधलं लेथ मशीन नेमकं तेव्हाच बंद झालं.

“म्हणजे घरी वर्षभर... आणि ती मला एका शब्दाने बोलली नाही? तुला फोन केला?”

“होय. माका बघूक म्हणान झुरळां बाटलीत घालून धाडल्यान.”

“का?”

काकांनी माझ्याकडे बघितलं नाही. बाटलीकडे बघून बोलले. “वैनी म्हणाली, ह्येंका सांगलंस तर त्या पोरीक ओरडतले. तिना लावलेला जेल. म्हणान मी सांगूक नाय. तिसरी बाटली काढूची नव्हती माका.”

मी परत स्टुलावर बसले. दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं.

साहेबांनी बाटलीवर पुन्हा वर्तमानपत्र गुंडाळलं, केबिनमध्ये गेले आणि दार लावून घेतलं. त्या दिवशी ते खिडकीतही आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी पोचले. गाळा उघडला, दिवा लावला. बोर्ड नेहमीसारखा लिहून ठेवलेला होता. अंधेरी, घाटकोपर, मरोळ, तिन्ही किचनसमोर परबांचं नाव होतं. सगळ्यात वर एक नवी ओळ होती. डाव्या बाजूला साहेबांच्या घराचा पत्ता, उजव्या बाजूला ‘परब’. औषधाच्या रकान्यात साहेब नेहमी जेलचा नंबर लिहितात. तिथे लिहिलं होतं, ‘परब सांगेल ते.’

आणि परबांच्या नावापुढे, लहान अक्षरात, ‘सोबत कांबळे. शिकायला.’